चंद्रपूर महानगराची लोकरचना : गणतीतील आणि वस्तीतील

चांद्याच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे ते चार दरवाजे. गोंड राजांच्या राजधानीचे सारे व्यवहार एकेकाळी ह्या परकोटाच्या आतच चालत असत, आणि १९०१ साली जेव्हा येथे शिरगणती झाली तेव्हा गावाची लोकसंख्या अवघी १७,८०३ भरली. २०११ च्या जनगणनेत हीच संख्या ३,२०,३७९ झाली. त्याच वर्षी, २५ ऑक्टोबर २०११ रोजी, १८६७ पासून चालत आलेल्या नगरपालिकेचे रूपांतर महानगरपालिकेत झाले आणि चांदा कागदोपत्रीही महानगर ठरला.

‘महानगर’ ह्या शब्दाचा मात्र थोडा उलगडा केला पाहिजे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महानगर क्षेत्राची जी व्याख्या केली आहे, तिच्यासाठी किमान दहा लाख लोकसंख्या लागते. त्या मोजमापाने चंद्रपूर महानगर नव्हे. महाराष्ट्रात महानगरपालिका स्थापन करण्यासाठी मात्र तीन लाखांची लोकसंख्या पुरेशी धरली जाते आणि चंद्रपूरने ती मर्यादा नुकतीच ओलांडली होती. अशा रीतीने मुंबई-पुण्याच्या मानाने लहान, परंतु वैनगंगा व प्राणहिता ह्यांच्या खोऱ्यांतील जंगलपट्ट्याच्या मानाने फार मोठे असे हे मध्यम आकाराचे महानगर आहे. त्याच्या पूर्वेला, वैनगंगेपलीकडे, गडचिरोली जिल्हा पसरलेला आहे. २०११ मध्ये त्या संपूर्ण जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती आणि तीपैकी शहरांत राहणारे शेकडा ११ इतकेच होते.

एखाद्या शहराची लोकरचना सांगावयाची म्हणजे तेथे स्त्रिया किती, पुरुष किती, कोणत्या धर्माचे, जातीजमातींचे व भाषांचे लोक किती, हे सांगावयाचे, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही. पण अपुरा आहे. हे आकडे दोन वेगवेगळ्या कारणांनी बदलत असतात. एक तर माणसे येतात आणि जातात. दुसरे म्हणजे, माणसे जागच्या जागी असतानाच त्यांना मोजण्याची व्याख्या बदलते. चंद्रपुरात ह्या दोन्ही गोष्टी इतक्या ठळकपणे घडल्या आहेत की, कोणता बदल कशामुळे झाला हे न पाहता आकडा वाचणारा हमखास चुकतो. पुढील जनगणना आता जवळ आली असल्याने आणि तिचे प्रत्यक्ष काम बहुतांशी शिक्षकांच्या व स्थानिक कर्मचाऱ्यांच्या हातून होत असल्याने हा भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे.

दहा वर्षांत दुप्पट, आणि नंतर संथ

प्रथम माणसांच्या येण्याजाण्याविषयी पाहू. १९६१ साली चंद्रपूरची लोकसंख्या सुमारे ५१ हजार होती. १९७१ मध्ये ती ७५ हजारांवर गेली आणि १९८१ मध्ये १ लाख १५ हजारांच्या पुढे जाऊन शहराची गणना प्रथमच पहिल्या वर्गाच्या, म्हणजे एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत होऊ लागली. १९९१ ची गणना आली तेव्हा आकडा २ लाख २६ हजारांवर पोहोचला होता. म्हणजे दहा वर्षांत सुमारे ९५ टक्के वाढ! त्यानंतरच्या दशकात ही वाढ २८ टक्क्यांवर आली, आणि २००१ ते २०११ ह्या दशकात ती ११ टक्क्यांच्याही थोडी खाली उतरली. त्याच दशकात संपूर्ण राज्याची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली होती.

जिल्ह्याचे चित्र तर अधिकच विचार करावयास लावणारे आहे. २००१ ते २०११ ह्या काळात चंद्रपूर जिल्ह्याची वाढ ६.४३ टक्के, तर शेजारच्या गडचिरोलीची १०.५८ टक्के झाली. खाणी, सिमेंटचे कारखाने, कागद गिरणी आणि वीजकेंद्र असलेला जिल्हा संथ झाला आणि तुलनेने उद्योगविरहित वनजिल्हा त्याच्यापुढे गेला. उद्योग आला की वस्ती वाढते, हे सूत्र चंद्रपूरने आधी सिद्ध केले आणि मग त्याला मर्यादाही घातली.

ह्याची कारणे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. चांद्याच्या परिसरात कोळशाच्या खाणी विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणापासून आहेत. महाकाली, लालपेठ, रय्यतवारी ही नावे शहरात जितकी वस्त्यांची म्हणून परिचित आहेत तितकीच खाणींचीही आहेत. भूमिगत खाणीत कोळसा हाताने फोडावा लागे आणि हाताने भरावा लागे. त्यासाठी माणसे लागत. ती माणसे वर्धा व गोदावरी नद्यांपलीकडील तेलुगू मुलखातून आली, छत्तीसगडातून आली, पुढे उत्तर प्रदेश आणि बिहारमधूनही आली. १९२९ मध्ये बल्लारशा ते काझीपेठ हा लोहमार्ग पूर्ण होऊन दिल्ली-मद्रास वाहतूक ह्या भागातून सुरू झाली आणि हा ओघ सुकर झाला. दुसऱ्या बाजूने गोंदियाकडून नागभीडमार्गे चांदाफोर्टपर्यंत येणारी छोटी रेल्वे होती. तिच्या डब्यांतून छत्तीसगड व झाडीपट्टीची माणसे शहरात उतरत.

१९४५ साली बल्लारपूरला कागद गिरणीची स्थापना झाली. चीनशी झालेल्या युद्धानंतरच्या काळात भद्रावतीजवळ आयुध निर्माणी उभी राहिली. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले व १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी अस्तित्वात आली. रोजंदारीवर आलेला खाणकामगार आता सरकारी कंपनीचा कायम नोकर झाला, त्याला वसाहतीत घर मिळाले, आणि गावी ठेवलेले कुटुंब त्याने चांद्याला आणले. १९८३-८४ पासून दुर्गापूरच्या शेजारी औष्णिक वीजकेंद्राचे संच सुरू होऊ लागले. घुग्घुस, आवारपूर व गडचांदूर येथील सिमेंट कारखान्यांची उभारणीही ह्याच सुमाराची. शहर दहा वर्षांत दुप्पट झाले ते ह्या काळात.

कुटुंबे आली, ही गोष्ट लिंगगुणोत्तरावरून दिसते. केवळ पुरुष कामगारांच्या जोरावर वाढलेल्या शहरात स्त्रियांची संख्या फार कमी असते. मुंबई शहर जिल्ह्यात २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया होत्या. चंद्रपूर शहरात मात्र हे प्रमाण साडेनऊशेच्या आसपास होते. जिल्ह्यात ते ९६१, गडचिरोलीत ९८२ आणि राज्याचे सरासरी प्रमाण ९२९. खाणींचे शहर असूनही चंद्रपूर राज्याच्या सरासरीच्या वर राहिले, ते येथला कामगार मुक्कामाला नव्हे तर नांदायला आला म्हणून.

मग ओहोटी का लागली? उभारणीचे काम संपले की उभारणीचा मजूर निघून जातो, हे पहिले कारण. दुसरे असे की, भूमिगत खाणींची जागा खुल्या खाणींनी घेतली. तेथे कोळसा काढावयास माणसांपेक्षा यंत्रे अधिक लागतात, त्यामुळे उत्पादन वाढले तरी नोकरभरती त्या प्रमाणात वाढत नाही. वडील खाणीत असलेल्या घरातील मुलगा आता नागपूर किंवा पुण्याची वाट धरतो. त्यातच २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरचा समावेश देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केला, आणि २०१० च्या आरंभी अशा क्षेत्रांतील नव्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीला स्थगिती देण्यात आली. आणखी एक कारण आहे, पण ते शहरातील नसून शहराच्या हद्दीवरचे आहे. त्याचा विचार पुढे येईल.

परकोटाबाहेरच्या वस्त्या

अशा प्रकारे एकेका कामासाठी आलेल्या माणसांचे थर शहरात एकावर एक बसले आहेत. परकोटाच्या आत जुनी मराठी, गोंड, तेलुगू व मुसलमान घराणी. बाबुपेठ-लालपेठ भागांत खाणकामगारांची वस्ती. तुकूमकडे वीजकेंद्राच्या व शासकीय नोकरदारांची घरे. मूल मार्गावर ‘बंगाली कॅम्प’ हे नाव ऐकले की परगावच्या माणसाला नवल वाटते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना १९६० च्या दशकात तत्कालीन चांदा जिल्ह्यात वसविण्यात आले. त्यांच्यापैकी बहुसंख्य आज गडचिरोलीच्या मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांत शेती करतात. चंद्रपूर शहरातल्या ह्या चौकाच्या नावातही त्या घटनेची खूण उरली आहे.

चैत्रात महाकालीची यात्रा भरते तेव्हा मराठवाड्यातून आणि तेलंगणातून भाविकांचे लोंढे येतात आणि झरपट नदीच्या काठावर मराठी व तेलुगू एकाच सुरात ऐकू येतात. गणतीच्या कोणत्याही कोष्टकात ही तात्पुरती लोकसंख्या नसते; तिच्यासाठी पाण्याची व स्वच्छतेची सोय मात्र महानगरपालिकेला करावीच लागते.

माणसे तीच, रकाना वेगळा

आता दुसऱ्या प्रकारच्या बदलाकडे वळू. ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी माहीत असलेला भाग हाच आहे.

चांदा ही गोंडांची राजधानी. परंपरेनुसार खांडक्या बल्लाळशहाने ती वसविली. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी ती घेईपर्यंत येथे गोंड घराण्याचे राज्य होते. १८५७-५८ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरणाऱ्या बाबुराव शेडमाके ह्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या कारागृहातच फाशी देण्यात आले. अशा शहरात राहणारा गोंड हा अनुसूचित जमातीचा नागरिक होय, ह्याबद्दल कोणाला शंका वाटणार नाही. तथापि कायद्याच्या दृष्टीने १९७७ पर्यंत तो तसा नव्हता. विदर्भातील अनुसूचित जमातींची जी यादी १९५६ च्या आदेशाने लागू झाली, तिच्यात क्षेत्राची अट होती. मेळघाट तहसील, यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी व यवतमाळ ह्या तहसिली आणि चांदा जिल्ह्यातील फक्त गडचिरोली व सिरोंचा ह्या तहसिली, एवढ्याच भागांतील गोंड हा अनुसूचित जमातीचा मानला जाई. गडचिरोली तहसिलीतला गोंड कामाधंद्यासाठी वैनगंगा ओलांडून चांद्याला येऊन राहिला की तो त्या रकान्यातून बाहेर पडत असे. त्याचे आडनाव, देवक, बोली, लग्नसंबंध सारे तेच राही. बदले ती केवळ नोंद.

ही क्षेत्राची अट १९७६ च्या दुरुस्ती अधिनियमाने रद्द झाली आणि तो अधिनियम २७ जुलै १९७७ पासून अमलात आला. परिणाम राज्याच्या आकड्यांत लगेच उमटला. १९७१ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे २९ लाख ५४ हजार होती. १९८१ मध्ये ती ५७ लाख ७२ हजारांवर गेली. दहा वर्षांत कोणताही समाज नैसर्गिक वाढीने दुप्पट होत नाही. ह्या वाढीत जन्मांचा वाटा आहेच. पण फार मोठा वाटा त्या माणसांचा आहे जी आधीही येथेच होती आणि मोजली जात नव्हती. त्यामुळे १९७१ आणि १९८१ चे आकडे शेजारी ठेवून ‘आदिवासींची लोकसंख्या झपाट्याने वाढली’ असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चूक होय. चुकीची भर थोडीफार पडली असेल, हे मान्य करूनही मूळ मुद्दा बदलत नाही.

दुसरे उदाहरण बौद्ध समाजाचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माचा स्वीकार केला आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर रोजी, चंद्रपूर येथे आपल्या अनुयायांना दीक्षा दिली. नागपूरखेरीज त्यांच्या हस्ते असा समारंभ झालेले शहर म्हणून चंद्रपूरच्या दीक्षाभूमीचे स्थान वेगळे आहे, आणि बौद्ध हा हिंदूंच्या खालोखाल शहरातील दुसरा मोठा धर्मसमूह आहे. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींत गणना होण्यासाठी विशिष्ट धर्माची अट होती. बौद्धांचा समावेश तिच्यात १९९० च्या दुरुस्तीने झाला. म्हणजे दीक्षा घेणारे कुटुंब १९६१, १९७१ आणि १९८१ ह्या तीन गणनांत धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ म्हणून नोंदले गेले खरे, परंतु अनुसूचित जातींच्या संख्येत ते धरले गेले नाही. राज्य शासनाने नवबौद्धांना सवलती दिल्या होत्या, तरी जनगणनेच्या कोष्टकाला त्याचा उपयोग नव्हता. १९८१ मध्ये राज्यातील अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे ४४ लाख ८० हजार, म्हणजे शेकडा ७ होती. १९९१ मध्ये ती ८७ लाख ५८ हजारांवर, शेकडा ११ वर गेली. येथेही माणसे अचानक वाढली नाहीत. रकाना बदलला.

२०११ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा १५.८ आणि जमातींचे १७.७ होते, गडचिरोलीत अनुक्रमे ११.३ आणि ३८.७. हे आकडे आता अधिक विश्वसनीय आहेत, पण त्यांची तुलना १९७१ शी करावयाची झाल्यास वरील दोन्ही तारखा जवळ बाळगाव्या लागतात.

तिसरी फसगत जिल्ह्याच्या सीमेमुळे होते, आणि ती अगदी सोपी असूनही वारंवार घडते. १९८१ ची गणना झाली तेव्हा चंद्रपूर जिल्हा अविभक्त होता व त्याची लोकसंख्या २० लाख ५५ हजारांवर होती. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९९१ मध्ये चंद्रपूरची लोकसंख्या १७ लाख ७१ हजार भरली. घाईने वाचणाऱ्यास लोक कमी झाले असे वाटते. वस्तुतः गडचिरोलीचे ७ लाख ८७ हजार त्यात मिळविले म्हणजे पूर्वीच्या क्षेत्राची लोकसंख्या साडेपंचवीस लाखांवर गेलेली दिसते. सीमा येथे अनेकदा हलल्या आहेत. राजुऱ्याचा भाग १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात होता आणि तो चांदा जिल्ह्याला १९५९ मध्ये जोडण्यात आला.

गाव की शहर?

मागे हद्दीवरच्या कारणाचा उल्लेख आला होता. चंद्रपूरच्या उत्तरेस दुर्गापूर आणि ऊर्जानगर आहेत. एका बाजूला कोळसा खाण, दुसऱ्या बाजूला वीजकेंद्राची वसाहत. तेथे राहणारा माणूस शहरात बाजार करतो, त्याची मुले शहरातील महाविद्यालयात शिकतात, आणि तो स्वतःला चांद्याचाच समजतो. पण ह्या वस्त्यांचा कारभार ग्रामपंचायत पाहते. महानगरपालिकेच्या ३,२०,३७९ ह्या आकड्यात त्या नाहीत.

अशा वस्तीला काय म्हणावयाचे, ह्यासाठी जनगणनेने ‘जनगणना नगर’ ही कल्पना मांडली आहे. किमान पाच हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसांची दाटी, आणि काम करणाऱ्या मुख्य पुरुष कामकऱ्यांपैकी किमान पाऊणशे टक्के, म्हणजे शंभरांत पंचाहत्तर, शेतीबाहेरच्या व्यवसायात असणे, ह्या तीन अटी पुऱ्या झाल्या की ग्रामपंचायत असूनही ते गाव जनगणनेच्या लेखी नागरी ठरते. घुग्घुस हे असेच वर्षानुवर्षे ग्रामपंचायत असलेले औद्योगिक नगर होते; नगरपरिषद तेथे अलीकडच्या काळात आली. ह्या दुहेरी ओळखीचा त्रास पंचायत सदस्यांना चांगलाच परिचयाचा आहे. गटाराच्या आणि कचऱ्याच्या समस्या शहराच्या, आणि हाताशी साधने मात्र गावाची. शहराची वाढ मंदावली असे म्हणताना ही वाढ काही अंशी हद्दीच्या बाहेर गेली आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. बल्लारपूर, भद्रावती, वरोरा ही लोहमार्गावरची शहरे धरली, तर चंद्रपूर हे एक शहर नसून खाणींच्या कडेने पसरलेली वस्तीची माळ आहे असे दिसेल. २०११ मध्ये जिल्ह्यात नागरी लोकसंख्येचे प्रमाण शेकडा ३५ होते, ते ह्या माळेमुळे.

गडचिरोली शहराची गोष्ट ह्याच्या अगदी उलट आहे. त्याला ना खाण, ना गिरणी. १९८२ मध्ये जिल्ह्याचे मुख्यालय झाल्यावर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर नोकरदार आले, २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ आले. त्या वर्षी शहराची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती. कोळशाने वाढविलेले शहर आणि शासनाने वाढविलेले शहर, असे दोन नमुने एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर पाहावयास मिळतात.

मातृभाषेचा प्रश्न

भाषेच्या रकान्यात तर प्रगणकाची खरी परीक्षा असते. चंद्रपुरात मराठी बहुसंख्यांची भाषा असून हिंदी व तेलुगू तिच्यामागे येतात. उर्दू, बंगाली व गोंडी ह्याही आहेत. परंतु ही नावे म्हणजे गट आहेत. छत्तीसगडी बोलणाऱ्याची गणना अहवालात हिंदीखाली होते. माडिया बोलीची नोंद गोंडी गटात जाते, तर कुरखेडा-कोरची भागात ऐकू येणाऱ्या हलबीला स्वतंत्र स्थान आहे. झाडीबोली बोलणारा मनुष्य ‘मराठी’ असेच सांगतो आणि ते योग्यच आहे.

अडचण येते ती गोंडी कुटुंबात. शहरात दोन पिढ्या राहिलेल्या घरात आजी गोंडी बोलते, मुलगा गोंडी समजतो आणि मराठीत उत्तर देतो, नातू शाळेत मराठी व गल्लीत हिंदी बोलतो. मातृभाषा म्हणजे बालपणी आईने ज्या भाषेत व्यक्तीशी संभाषण केले ती भाषा, असे जनगणनेचे सूत्र आहे. घरातील प्रत्येक व्यक्तीची मातृभाषा स्वतंत्रपणे विचारावयाची असते. परंतु दारात उभा राहून घाईने विचारणारा प्रगणक कुटुंबप्रमुखाचे उत्तर सर्वांना लावून मोकळा होतो, अथवा त्याहून वाईट म्हणजे, मराठीत उत्तर आले म्हणून न विचारताच ‘मराठी’ लिहितो. अशा एकेका ओळीने आजीची भाषा त्या घरातून नोंदीपुरती नाहीशी होते. धर्माच्या रकान्यातही हीच सावधगिरी हवी. काही आदिवासी कुटुंबे आपला धर्म गोंडी असा सांगतात. प्रगणकाने सांगितलेले तसेच लिहावयाचे असते, त्यात स्वतःची समजूत मिसळावयाची नसते.

स्थलांतराची कोष्टके वाचतानाही एक गंमत आहे. जन्मस्थान वेगळे असलेली प्रत्येक व्यक्ती स्थलांतरित धरली जाते आणि आपल्या देशात असा सर्वांत मोठा वर्ग लग्न होऊन सासरी आलेल्या स्त्रियांचा असतो. मूल किंवा सिंदेवाहीहून चंद्रपुरात नांदायला आलेली सून आणि बिहारमधून खाणीत आलेला कामगार ह्यांची बेरीज करून ‘बाहेरून आलेल्यांची’ संख्या सांगणे कितपत योग्य, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.

पुढील गणती आणि प्रभागांचा हिशेब

२०२१ ची जनगणना कोविडच्या साथीमुळे होऊ शकली नाही. केंद्र शासनाने १६ जून २०२५ रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार पुढील गणनेसाठी देशाच्या बहुतेक भागात १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरविण्यात आली असून तिच्यात जातींची नोंदही व्हावयाची आहे. तोवर शहराच्या योजनांचा आधार २०११ चाच आकडा राहतो.

ह्या आकड्यावर काय अवलंबून असते, हे महानगरपालिकेच्या सदस्यसंख्येवरून पाहता येईल. तीन लाखांपर्यंतच्या लोकसंख्येला ६५ सदस्य आणि त्यापुढे दर पंधरा हजारांना एक, असे राज्याच्या महानगरपालिका अधिनियमाचे प्रमाण आहे. चंद्रपूरची लोकसंख्या तीन लाखांपेक्षा २०,३७९ ने अधिक, म्हणून एक सदस्य वाढला आणि २०१२ व २०१७ च्या निवडणुका ६६ जागांसाठी झाल्या. आणखी ९,६२१ माणसे नोंदली गेली असती तर ६७ वी जागा मिळाली असती. अनुसूचित जाती व जमातींच्या राखीव जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. एका जागेमागे सुमारे ४,८५० लोक येतात. बाबुपेठसारख्या दाट वस्तीत एवढी माणसे काही गल्ल्यांत राहतात. त्या गल्ल्यांत जमातीचा रकाना कोरा राहिला, तर सभागृहातील एक खुर्ची त्याच्याबरोबर जाऊ शकते. ग्रामपंचायती व पंचायत समित्यांनाही हाच न्याय लागू आहे. तेथे तर काही शे माणसांच्या नोंदीने आरक्षण बदलते.

आणि नेमकी गणती होते त्या महिन्यात ह्या दोन जिल्ह्यांतील कितीतरी माणसे घरी नसतात. धानाचा हंगाम आटोपला की चंद्रपूर व गडचिरोलीच्या ग्रामीण भागातून मजुरांच्या टोळ्या मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. जानेवारीत गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. प्रत्यक्ष लोकगणना असते फेब्रुवारीत. जनगणनेचा नियम असा की, गणनेच्या कालावधीत जो रहिवासी एक दिवस जरी आपल्या घरी असेल त्याची नोंद त्या घरी होते. जो संपूर्ण कालावधीभर बाहेर असेल त्याची नोंद तो जेथे आढळेल तेथे व्हावयाची. म्हणजे मिरचीच्या शेताच्या बांधावर पाल टाकून राहिलेले कुटुंब तेलंगणच्या प्रगणकाने मोजले पाहिजे. त्याने त्या पालापर्यंत जावे आणि भाषेची अडचण असतानाही जमात, मातृभाषा व मूळ गाव नीट टिपून घ्यावे, ह्यावर ते कुटुंब कोठल्या तरी यादीत येणे अवलंबून आहे. इकडे गावी त्यांच्या दाराला कुलूप असते.

शहरातील वसतिगृहांचेही असेच आहे. भामरागड, एटापल्ली वा जिवती तालुक्यातून शिक्षणासाठी आलेला आदिवासी विद्यार्थी वर्षातील बहुतेक काळ चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या वसतिगृहात राहतो, म्हणून त्याची नोंद तेथील संस्थात्मक कुटुंबात होते. आईवडील मायेने त्याचे नाव घरीही सांगतात आणि तो दोनदा मोजला जातो. किंवा प्रत्येक जण दुसऱ्यावर भिस्त ठेवतो आणि तो कोठेच येत नाही. रस्त्याच्या पुलाखाली, रेल्वे स्थानकावर, यात्रेच्या मैदानात झोपणाऱ्या बेघरांची गणती २०११ मध्ये २८ फेब्रुवारीच्या रात्री एकाच वेळी करण्यात आली होती. चंद्रपूर व बल्लारशा स्थानकांवर त्या रात्री कंदील वा विजेरी घेऊन फिरणाऱ्या प्रगणकाला, समोर झोपलेला माणूस गाडीची वाट पाहणारा प्रवासी आहे की येथेच राहणारा, हे त्याला उठवूनच विचारावे लागते.